एकोणिसावं पाकीट

"तीक्ष्ण बुद्धी, घारीची नजर आणि वाघाचं काळीज यांचा महाड तालुक्यातला एकमेव संगम म्हणजे मी," असं महिपती उतेकर गिऱ्हाइकाला सांगायला लागले, की त्यांची मदतनीस पूनम मान खाली घालून कीबोर्डातली धूळ फुंकायची. हसू आलंच, तर फुंकर म्हणून खपून जायचं.

महाडच्या एसटी स्टँडसमोर उतेकरांचं 'त्रिनेत्र कॉम्प्युटर्स' होतं. पाटीवर 'मराठी टायपिंग, लग्नपत्रिका, झेरॉक्स' आणि त्याखाली लाल अक्षरांत 'गुप्त चौकशी'. ही चौकशी इतकी गुप्त होती, की चार वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला तिचा सुगावा लागला नव्हता.

२००५ सालच्या मे महिन्यात मात्र, एका सकाळी, पोलादपूरच्या डोंगरातल्या ठमाबाई दुकानात आल्या. उतेकरांनी डोळे बारीक केले.

"बोलू नका! पायाला लाल माती, म्हणजे डोंगरातून चालत आलात. तळहाताला दोराचे घट्टे, म्हणजे म्हैस ओढलीत. चेहऱ्यावर चिंता, म्हणजे म्हैस हरवली!"

"एस्टीनं आले," ठमाबाई म्हणाल्या. "आन् म्हस नाय, शेळ्या हायत. त्या हायत जागेवर. माझ्या नातीचा मामा रुसलाय."

उतेकरांनी वही उघडली. पूनमने पाणी दिलं. मग हकिकत कळली. ठमाबाईंची नात समीक्षा, तिचं लग्न परवा. पत्रिका छापायचं, पाकिटांवर नावं घालायचं आणि ती टपालात टाकायचं काम त्रिनेत्रनेच केलेलं. त्रेचाळीस पाहुणे, त्रेचाळीस पाकिटं. सगळी पोचली, पण हिरकणीवाडीत भज्यांची गाडी लावणारे हैबतीमामा कोरडेच राहिले. ते एक वेळ निभलं असतं. पण बिरवाडीच्या भागोजीकाकांना दोन पत्रिका आल्या, आणि त्यांनी हैबतीमामांना मुद्दाम फोन लावून विचारलं, "मला दोन आल्या, तुला किती?"

"तोंडी आवतण आमी कवाच केलं व्हतं," ठमाबाई म्हणाल्या. "पण तो म्हनतो, माज्या नावाचं पाकीट नाय, तं मी पण नाय. आता मामाबिगार पोरीला बोहल्यावर आणायचं कुणी? पोर कालपासनं जेवली नाय." त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि पिशवीतून भागोजीकाकांची दोन्ही पाकिटं काढून टेबलावर ठेवली.

पूनमला वाईट वाटलं. उतेकरांना आनंद झाला. त्यांनी भिंग काढलं, एका पाकिटाचा डिंक जिभेनं चाखला आणि डोळे मिटले.

"डिंक परप्रांतीय आहे."

"सर, आपल्याच डबीतला आहे."

"मग हे भागोजीचंच कारस्थान! हैबतीचं पाकीट पळवून त्यावर स्वतःचं नाव घातलं."

"पण नाव आपल्याच प्रिंटरवर छापलंय," पूनम म्हणाली. "हा 'भ' बघा, अर्धा पुसट. आपला प्रिंटर गुढीपाडव्यापासून असाच 'भ' काढतोय."

उतेकर थबकले. मग दोन पावलं मागे सरकून त्यांनी पूनमकडे रोखून पाहिलं. "म्हणजे घरभेदी! पाकिटं छापली, तेव्हा तू कुठं होतीस?"

"तुमच्या शेजारी. तुम्ही मला मशीनला हात लावू दिला नव्हता."

हे खरं होतं. उतेकरांनी इंटरनेटवरून एक फुकटचा प्रोग्राम उतरवला होता. आधी लिहून दिलं, की तो माणसासारख्या कळा आपोआप दाबायचा. नाव टाइप कर, एंटर मार, गाव टाइप कर, एंटर मार, छाप, थांब. एका पाकिटाच्या या सहा ओळी. उतेकरांनी त्याच सहा ओळी त्रेचाळीस वेळा एकाखाली एक चिकटवल्या होत्या आणि दर खेपेला हातानं नाव-गाव बदललं होतं. दोनशे अठ्ठावन्न ओळींचं ते पुराण ते येईल त्याला दाखवायचे. बिरवाडीत राहून महाडच्या क्लासला कॉम्प्युटर शिकलेल्या पूनमने तेव्हाच तोंड उघडलं होतं.

"सर, अ‍ॅरे..."

"पूनम! मालकाला अरे?"

विषय तिथंच संपला होता.

आता उतेकर येरझाऱ्या घालत होते. "व्हायरस! मामांवर डूख धरणारा व्हायरस!"

"एकदा प्रोग्राम तर वाचून बघू या," पूनम म्हणाली.

"प्रोग्राम संशयातीत आहे. लिहिणारा मी आहे. पण कायद्यापुढे सगळे समान. घे त्याची जबानी!"

लोडशेडिंगला अर्धा तास होता. पूनमने भराभर पानं छापली आणि भिंतीवर ओळीनं चिकटवली. उतेकर भिंग घेऊन पहिल्या पानापाशी उभे राहिले आणि स्वल्पविराम तपासू लागले. "इथं एक ठसा आहे!" ते ओरडले. तो चहाचा होता.

ठमाबाई मात्र दुसऱ्या टोकाकडून भिंतीवर बोट फिरवत निघाल्या होत्या. त्यांना अक्षर-ओळख नव्हती. तिसऱ्या पानापाशी त्या थांबल्या.

"गो पोरी, ही बाकीची समदी कशी, सारख्या अंगाची पण तोंडं येगयेगळी. आन् ही दोन जुळी कशी? चाळीस शेळ्यांत दोन एकसारख्या दिसल्या, तं मी इचारते, ह्यातली माझी कंची?"

पूनमने वाकून पाहिलं. सहा ओळींचा अठरावा तुकडा भागोजी, बिरवाडी. एकोणिसावाही भागोजी, बिरवाडी. यादीत एकोणीस नंबरला हैबती होते.

"सर," ती हळूच म्हणाली, "चिकटवल्यावर एकोणिसाव्यात नाव बदलायचं राहिलंय."

उतेकरांनी भिंग खिशात घातलं, ते खुर्चीवर बसले, आणि कोणी न सांगताच त्यांनी कीबोर्ड पूनमपुढे सरकवला.

पूनमने ते सगळं पुराण बाजूला ठेवलं. वर एका यादीत त्रेचाळीस नावं आणि गावं लिहिली. खाली त्याच सहा ओळी, पण एकदाच. आणि त्यांच्या डोक्यावर एक हुकूम: यादीतल्या पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेकाला घे आणि हे कर.

"याला अ‍ॅरे म्हणतात," ती म्हणाली. उतेकरांनी या वेळी तो शब्द वहीत उतरवून घेतला. "नावं सगळी एका जागी. काम एकदाच सांगायचं. नाव चुकलं, तर शोधायला एकच यादी."

"म्हंजे दावण!" ठमाबाईंचा चेहरा उजळला. "एक दोर, त्याला फासच फास. मोकळा फास लांबूनसुदिक दिसतो." त्यांनी भिंतीकडे आणि मग उतेकरांकडे पाहिलं. "आन् ह्ये काय, पत्येक शेळीला न्यारा गोठा बांधत व्हते?"

उतेकरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पूनमने एकोणीस नंबरचं पाकीट छापून घेतलं आणि वीज गेली. आता टपालावर विसंबण्यात अर्थ नव्हता. उतेकरांनी रिक्षा बोलावली आणि तिघं हिरकणीवाडीला निघाले. वाटभर उतेकर भाषण जुळवत होते. पूनमला 'आंतरराष्ट्रीय टोळी' एवढंच ऐकू आलं.

तिथं गडावर जाणाऱ्या रोपवेसाठी आलेल्या पर्यटकांची गर्दी होती. हैबतीमामा कढईत भजी सोडत होते. ठमाबाईंना पाहून त्यांनी तोंड फिरवलं. पूनमने पाकीट पुढे केलं. मामांनी दोन्ही हात धोतराला पुसले, पाकीट घेतलं आणि एकेक अक्षर लावत नाव वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"ह्ये आधी कुठं व्हतं?" त्यांनी विचारलं. "कुणी दाबून ठेवलं? भागोजीनंच ना?"

उतेकरांनी छाती फुगवली. एक बोट वर केलं. समोर ठमाबाईंचे थकलेले डोळे होते. बोट तसंच राहिलं, छाती मात्र हळूहळू खाली बसली.

"भागोजींनी नाही," ते म्हणाले. "मी. नाव बदलायला विसरलो."

मामांनी पाकिटावरून नजर वर केली. "येवढंच?"

"एवढंच."

"आन् ह्यापायी मी आठ दिस भागोजीशी बोल्लो नाय?" मामांनी झारा कढईवर आपटला आणि आतल्या बाजूला हाक मारली, "अगो, माझा धुतलेला सदरा आन!"

"मामा, दोन प्लेट भजी!" गिऱ्हाइकांतला एक जण ओरडला.

"भजी बंद! भाचीचं लगीन हाय!" मामांनी स्टोव्ह विझवला आणि तिथंच, सगळ्यांदेखत, सदरा बदलला.

"अरे, लगीन परवा हाय," ठमाबाई हसत म्हणाल्या. "पण पोर कालपासनं जेवली नाय."

"म्हायताय. पोर जेवली नाय म्हनता ना?" मामांनी कढईतली होती नव्हती ती भजी कागदात बांधली, रिक्षात शिरले आणि गुप्तहेर महिपती उतेकरांना म्हणाले, "सरका."