मॉस्कोहून परतताना

मे महिन्यातही शिवलिंगप्पा सर स्वेटर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. लातूरच्या उन्हात डांबर पाघळत असायचं आणि ह्यांच्या काखेत तपकिरी स्वेटर. कुणी हसलं की म्हणायचे, "हसा. बादशहाची फौजबी उन्हाळ्यातच निघाली होती."

बादशहा म्हणजे फ्रान्सचा. आमच्या शेजारचे सर इतिहासाचे निवृत्त मास्तर, पण इतिहास त्यांच्या लेखी एकच. लाखोंची फौज रशियात शिरली, मॉस्को हाती आलं, तर शहर रिकामं आणि पेटलेलं. मग भर बर्फात माघार, तीही जाताना लुटून फस्त केलेल्या गावांतूनच. सर सांगू लागले की घोडे कोसळायचे, माणसं शेकोटीशी बसल्या जागी गोठायची आणि ऐकणाऱ्याचा चहाही गार व्हायचा. माझ्या मुलाच्या बारशात ही माघार ऐकता ऐकता आचाऱ्यानं जिलेबीचा घाणा करपवला. कॉलनीत कुणी तिरुपतीला निघालं तरी सर विचारायचे, "जायचं कळलं. परत कसं येनार, ते बोला."

गेल्या जानेवारीत माझ्या बहिणीचा, सुरेखाचा, उमरीच्या सासरहून फोन आला. "दादा, मला खोलीत कोंडलंय," एवढंच बोलली आणि फोन बंद. चुलतभावांनी दोन जीपा काढल्या, त्यात काठ्या टाकल्या. सर कुणाला न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसले.

लोहा गाव मागं पडलं. मग सर म्हणाले, "पोरीला आणायला चाललो का हाणामारीला?"

"दोन्हीला," चुलतभाऊ म्हणाला.

"बादशहालाबी सगळंच पाहिजे होतं."

उमरीत गल्लीच्या तोंडाशी तिच्या सासरची माणसं काठ्या घेऊन उभी होती. एक दगड आला, जीपची काच तडकली. चुलतभाऊ उडी टाकणार, तोच सरांनी त्याची कॉलर धरली.

"गाड्या आधी वळवा. तोंड लातूरकडं. इंजन चालू ठिवा."

मग ते एकटेच गर्दीत शिरले. मी मागोमाग.

"पाव्हणे," ते सुरेखाच्या सासऱ्याला म्हणाले, "आम्ही भांडायला न्हाई आलो. लेक घेऊन चाललो. दार उघडा."

"आन् त्या काठ्या?"

"गाडीतच राहतील. जबान देतो."

लातूरकडं तोंड करून उभ्या असलेल्या जीपांकडं सासऱ्यानं बघितलं. मग किल्ली काढली.

सुरेखा बाहेर आली. ओठ फुटलेला. माझी मूठ वळली, तशी सरांनी माझं मनगट आवळलं. "पोलीस, वकील सगळं करू. आधी ती गाडीत." त्यांनी आपला स्वेटर तिच्या अंगावर घातला.

नांदेड ओलांडून विष्णुपुरीत आलो तेव्हा सर म्हणाले, "जरा थांबवा."

रस्त्याकडेला निळं फाटक होतं.

"हितं माझी शारदा राहती. जावयानं हात उगारला म्हणून मीबी अशाच जीपा आणल्या होत्या. दारातच त्याला लई हाणलं. मग त्याच्या माणसांनी घेरलं आन् आम्ही पळालो." सरांनी फाटकाकडं बघितलं. "ती आतच राहिली. तिला तिथंच ठिवून पळालो. नंतर यायला तोंडच राहिलं न्हाई."

सुरेखाच उतरली. "चला सर. मी येते."

दार शारदानंच उघडलं. सर पायरीवरच थांबले. तिनं आधी सुरेखाच्या ओठाकडं बघितलं, मग वडिलांकडं.

"हिला आणलंत?"

"हाव."

ती दारातून बाजूला झाली. "आत या, बाबा."