‘वाटाड्या नको’ लिहिलेल्या बारा टोप्या

मे महिन्यातल्या एका गुरुवारी व्हर्लिन टोलेफसनने स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि समोर उभं राहून तो तीनदा वाचला. वायोमिंग राज्याच्या सोडतीत त्याचं नाव निघालं होतं. सहा वर्षं अर्ज करकरून, हुकलेल्या अर्जांचे गुण साठवून साठवून शेवटी एल्कच्या शिकारीचा परवाना लागला होता. जोडीने अर्ज केला होता, त्यामुळे कागदाच्या कारखान्यात त्याच्याच पाळीत असलेल्या गॉर्डीलाही तो लागला होता. विस्कॉन्सिनच्या त्या गावात हरीण काय, शाळकरी पोरंही मारतात. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ, आणि तो राहतो हजार मैलांवर, डोंगरात.

"चार पिढ्यांत राज्याबाहेर शिकारीला जाणारा मी पहिला टोलेफसन," तो बायकोला म्हणाला.

डोरीन बटाटे सोलत होती. "तुझे पणजोबा नॉर्वेहून आले होते की."

"ते शिकारीला नव्हते आले."

"नाही. उपाशी होते म्हणून आले होते," असं म्हणून तिने पुढचा बटाटा घेतला.

त्या दिवसापासून तळघरातलं टेबल-टेनिस बंद झालं आणि त्या टेबलावर नकाशा आला. नकाशात सरकारी जमीन हिरवी. व्हर्लिनने सगळ्यात मोठा, सगळ्यात गडद हिरवा डाग निवडला होता. तिथे रस्ते नाहीत, कुंपण नाही, शेतमालकाच्या दारात टोपी काढून उभं राहायला नको. आपल्या बापाची जमीन, असं तो त्या डागावर तळवा थोपटून म्हणायचा. आणि दर शुक्रवारी गावातल्या बारमध्ये तळलेल्या माशांची पंगत बसली की ताट येण्याआधीच त्याचा डोंगर सुरू व्हायचा.

कुणीतरी सहज विचारलं, वाटाड्या कोण घेताय? तिकडे पैसेवाले लोक वाटाड्या घेतात, तो घोडे आणतो, तंबू ठोकतो, एल्क दाखवतो, आणि ह्यांनी फक्त चाप ओढायचा. व्हर्लिनने काटा खाली ठेवला.

"ज्याला वाट दाखवायला माणूस लागतो," तो म्हणाला, "तो शिकारी नाही. पाहुणा आहे."

टेबलावर मुठी आपटल्या गेल्या. वाक्य असं काही जमलं की त्याने दुसऱ्याच दिवशी नारिंगी रंगाच्या बारा टोप्या शिवायला टाकल्या. कपाळावर अक्षरं: वाटाड्या नको. खोपटातल्या बाराही जणांना एकेक. खोपट म्हणजे उत्तरेकडच्या जंगलातलं त्यांचं हरणांच्या शिकारीचं लाकडी घर. व्हर्लिनच्या बापाने बांधलेलं. दर नोव्हेंबरात नऊ दिवस बारा पुरुष तिथे राहतात, आंघोळ करत नाहीत, पत्ते खेळतात आणि त्यालाच परंपरा म्हणतात. दारावर बापाने तापल्या सळईने कोरलेली फळी आहे: बायकांना मनाई. चाळीस वर्षं झाली, त्या फळीखालून वाकून जाताना एकालाही कधी लाज वाटलेली नाही. आपण कुठल्या देवळात शिरतोय असा चेहरा करून जातात.

आता प्रश्न राहिला दमाचा. डोंगरावर हवा विरळ, आणि व्हर्लिन चोपन्न वर्षांचा, पोटाने त्याहून थोडा पुढे. म्हणून जून लागताच तो रोज संध्याकाळी शाळेमागच्या टेकडीवर पाठीला ओझं बांधून चढू लागला. हिवाळ्यात पोरं त्या टेकडीवरून घसरतात. ओझं म्हणून घरात होती ती गोष्ट घेतली: पाण्यातला क्षार काढायच्या यंत्रात टाकतात त्या जाड्या मिठाची वीस-बावीस किलोंची गोणी. दहा फेऱ्या वर, दहा खाली. पंधरा दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की ओझं आता फार हलकं वाटतंय. त्याने आरशासमोर उभं राहून छाती फुगवली आणि डोरीनला मांडीला हात लावून बघ म्हणाला. दगड झालाय दगड.

दगड झाला नव्हता. गोणीच्या तळाला भोक पडलं होतं.

टेकडी मिठाने माखली. घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून माथ्यापर्यंत पांढरी रेघ पडली. आणि मीठ म्हटलं की हरणं. पहिल्या दिवशी चार आली, आठवड्यात तीस झाली. शाळेच्या मैदानावर बसली, मुख्याध्यापकांच्या गाडीचा दरवाजा चाटून गेली. त्या जिल्ह्यात हरणांमध्ये रोग पसरलाय, त्यामुळे त्यांना खायला-चाटायला टाकणं हा गुन्हा. शनिवारी सकाळी शिकारखात्याचा वॉर्डन केटनर त्या पांढऱ्या रेघेमागून चालत आला आणि रेघ जिथे संपली ते दार त्याने वाजवलं.

केटनर शांत माणूस. शिट्टीसुद्धा हळू वाजवेल असा. त्याने टोपी काढली आणि विचारलं, व्हर्लिन, तू हरणांना मीठ घालतोस का?

हरणांना आमिष दाखवून शिकार करणारा! टोलेफसनांवर असा आळ चार पिढ्यांत आला नव्हता. व्हर्लिनने गोणी दाखवली, भोक दाखवलं, मांडीही दाखवली. तेवढ्याने भागेना म्हणून वॉर्डनला दंडाला धरून तळघरात नेलं आणि नकाशासमोर उभं केलं. बघ, यासाठी चाललंय हे. तंबू इथे, पाणी इथे, आणि पहाटे या धारेवर मी.

केटनरने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग त्या गडद हिरव्या डागाच्या कडेने बोट फिरवत आणलं.

"तुमचा वाटाड्या कोण?"

व्हर्लिनने खुंटीवरची टोपी काढून त्याच्या हातात दिली.

केटनरने ती वाचली आणि हळूच टेबलावर ठेवली. "हे नुसतं सरकारी जंगल नाही रे. ही जाड रेघ आहे ना, तिच्या आतलं राखीव रान आहे. वायोमिंगचा कायदा आहे, परराज्यातल्या माणसाला तिथे एल्क मारायचा तर बरोबर वाटाड्या लागतो. फिरायला जा, मासे धर, गाणी म्हण, कुणी विचारत नाही. बंदूक घेऊन एकट्याने नाही."

"माझीच जमीन आणि मलाच बंदी?"

"कायदा मी केला नाही," केटनर म्हणाला. मिठाबद्दल त्याने समज देऊन सोडलं. जाताना टोपीकडे बघून म्हणाला, "शिवण चांगली आहे."

व्हर्लिनने सोमवारपासून फोन लावले. परवाना जिथला त्याच टापूत शिकार करायची, बदलून मिळत नाही. त्याच टापूत राखीव रानाबाहेर थोडी सरकारी जमीन होती, पण ती खासगी कुरणांच्या मधोमध, पोचायला पंख हवेत. पगारी वाटाडे दोन-दोन वर्षं आधी ठरलेले. एकाने आकडा सांगितला तेव्हा व्हर्लिनने अंगणातल्या आपल्या ट्रककडे पाहिलं. ट्रक विकला तरी पुरला नसता, आणि पुरला असता तर जायचं कशाने? रजा मंजूर झाली होती. मांसासाठी नवा शीतपेटारा गॅरेजमध्ये रिकामाच गुरगुरत होता. बारा टोप्या वाटून झाल्या होत्या, आणि गावात जो भेटेल तो त्या टोपीला हात लावून डोळा मारत होता.

गॉर्डीला सांगावंच लागलं. त्याने टोपीवरच्या अक्षरांवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे आता आपण पाहुणे."

त्या रात्री जेवताना डोरीनने मिठाची बरणी पुढे सरकवली आणि म्हणाली, "तिथला साधा रहिवासीही वाटाड्या म्हणून चालतो. कायद्यात आहे. तिथे राहणारा कुणी असेल, त्याच्याकडे स्वतःचा परवाना असेल, तर त्याला फुकटात कागद देतात. दोन परक्यांना नेता येतं."

"तुला काय माहीत?"

"वाचलं मी. तू नकाशा थोपटत होतास तेव्हा."

"तिथला रहिवासी मला कोण ओळखतोय?"

डोरीन नुसती त्याच्याकडे बघत बसली. शेवटी त्याने काटा ठेवला.

आर्लिस. त्याची सख्खी बहीण, चार वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी घरातून गेली ती थेट वायोमिंगला. बर्फ ढकलायच्या गाड्या चालवल्या, खेचरं पाळली, लग्न केलं, मोडलं. आणि दर शरदात एल्क मारला. दर नाताळला तिच्याकडून खोकं यायचं, एल्कच्या मांसाचे धुरावलेले सॉसेज. व्हर्लिन ते सॉसेज वीस वर्षं खोपटात नेत होता. कुठून आणतोस विचारलं की म्हणायचा, "तिकडे एक माझा ओळखीचा शिकारी आहे." बहीण म्हणायला जीभ वळली नव्हती. त्या दारावरच्या फळीखाली उभं राहून म्हणणार तरी काय?

दोन दिवस त्याने फोन उचलला आणि ठेवला. तिसऱ्या दिवशी डोरीननेच नंबर लावला आणि रिसीव्हर त्याच्या कानाला टेकवला. माणूस वॉर्डनच्या हातून सुटेल, पण बायकोच्या हातातून सुटत नाही.

त्याने आधी हवापाणी विचारलं. मग खेचरं विचारली. आर्लिसने सगळ्याची उत्तरं दिली आणि म्हणाली, "व्हर्लिन, तू तीस वर्षांत माझ्या खेचरांची चौकशी केलेली नाहीस. काय अडलंय?"

त्याने सांगितलं. टापूचा क्रमांक ऐकताच ती म्हणाली की ती तिथे बावीस वर्षं जाते, आणि त्याने नकाशात तंबूची जी जागा ठरवली होती तिथे ऑक्टोबरात गुडघाभर चिखल असतो.

"येशील का?" त्याने विचारलं. चोपन्न वर्षांत त्याने कुणाला इतक्या हळू आवाजात काही विचारलं नव्हतं.

"येईन. पण दोन अटी. डोरीन म्हणाली कसल्याशा टोप्या केल्यात, मला एक आण. माझ्या मापाची."

"आर्लिस..."

"आणि बाबांची फळी. दारावरची. काढून घेऊन ये. मला माझ्या चुलीत घालायची आहे."

त्यावर वाद नव्हता. तो शनिवारी गॉर्डीला घेऊन उत्तरेला खोपटाकडे गेला. गॉर्डी ट्रकमध्ये पूर्ण वेळ कुरकुरत होता. परंपरा म्हणजे परंपरा, आज फळी काढली, उद्या म्हणतील आंघोळ करा. व्हर्लिनने उत्तर दिलं नाही. शिडी लावली, पहार घातली. चाळीस वर्षांचे खिळे किंचाळत निघाले आणि फळी त्याच्या हातात उलटी आली.

पाठीमागे काही लिहिलं होतं. सुताराच्या जाड्या पेन्सिलने, पुसट, पण वाचता येण्यासारखं.

डबे. दहापैकी. आर्लिस दहा. व्हर्लिन तीन.

व्हर्लिन शिडीवरच बसला. त्याला तो उन्हाळा आठवला. तो अकरा वर्षांचा, ती पंधरा. बापाने कुंपणाच्या खांबांवर रिकामे डबे मांडले होते. म्हणाला होता, या शरदात एकाला खोपटात नेईन, जो नीट मारेल त्याला. त्याला डब्यांचा आवाज आठवला. आणि त्यानंतर पंधरा दिवसांत बापाने तीच फळी उलटी करून सळई तापवली होती. शरदात खोपटात व्हर्लिन गेला. आर्लिस दारात उभी राहून ट्रककडे बघत होती, आणि त्याने मागच्या काचेतून तिला हातसुद्धा केला नव्हता. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण निवडले गेलो.

गॉर्डीने शिडीखालून मान वर करून वाचलं. पुन्हा वाचलं. "दहापैकी दहा," एवढंच म्हणाला, आणि डोक्यावरची टोपी काढून घडी करून खिशात घातली.

पुढच्या शुक्रवारी माशांची पंगत बसली तेव्हा व्हर्लिन उभा राहिला. वाटाड्या मिळाला, म्हणाला. कोण? लोकांनी चमचे वाजवले. तो म्हणाला, माझी बहीण. आणि वीस वर्षं तुम्ही जे सॉसेज बोटं चाटून खाताय ते तिनेच मारलेल्या एल्कचे. कुणी ओळखीचा शिकारी-बिकारी नाही, मी खोटं बोलत होतो. असं म्हणून त्याने फळी टेबलावर पालथी टाकली, सगळ्यांना वाचता येईल अशी.

कुणी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मग कोपऱ्यातून प्रश्न आला, दोघांनाच नेता येतं का रे? पुढच्या वर्षी माझाही अर्ज आहे. दुसरा म्हणाला, माझा त्याच्या आधीचा आहे. पाव मिनिटात बारापैकी नऊ जण आर्लिसचा नंबर मागत होते. ज्या दारातून चाळीस वर्षं तिला आत येऊ दिलं नाही, त्याच दारातले पुरुष आता तिच्या मागे रांग लावून उभे. व्हर्लिनने कुणालाही नंबर दिला नाही. "माझ्यामार्फत या," म्हणाला. आरशासमोर फुगवली होती त्याहून त्याची छाती आत्ता जास्त फुगली होती, आणि आता गोणीला भोकही नव्हतं.

तिथूनच, भर गलक्यात, त्याने तिला फोन लावला. फळी निघाली म्हणून सांगितलं. मग घसा खाकरून म्हणाला, "आर्लिस, तिच्या मागे काहीतरी लिहिलंय."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मीच लिहिलंय. बाबा मोजत होते, मी टिपत होते."

"दहापैकी दहा."

"हो."

"आणि माझे तीन."

पलीकडे कुठेतरी खेचर ओरडलं.

"व्हर्लिन," ती म्हणाली, "तीन नव्हते. तू रडायला लागला होतास, म्हणून मी एक वाढवून लिहिला."

व्हर्लिनने फोन खिशात ठेवला. टेबलावरची पेन्सिल उचलली, तीनवर काट मारली, ठळक अक्षरात 'दोन' लिहिलं आणि अख्ख्या बारला दिसेल अशी फळी डोक्यावर धरली.