तांबीने बिघडवलेला पाचवा अंक

एका जंगलात शाळा होती आणि दुष्काळही होता. दोन्ही एकाच ठिकाणी कसे, असं विचारू नका, बाळांनो. शाळा जुनी होती, दुष्काळ नवा होता, आणि जंगलाला दोघांचीही सवय झाली होती.

शाळेत काटेबाई शिकवत. काटेबाई म्हणजे साळिंदर. अंगावर काटे असले तरी स्वभावाने मऊ. वर्षातून एकदा त्या आपल्या पाठीवरचे गळलेले काटे गोळा करायच्या, टोकं घासून नीट करायच्या आणि लेखण्या म्हणून मुलांना वाटायच्या. असे शिक्षक मिळायला नशीब लागतं. तुम्हाला मिळाले नाहीत, त्यात माझा दोष नाही.

काटेबाई बावीस वर्षं एकच नाटक शिकवत होत्या. नाटकाचं नाव ‘महाशृंगाची तहान’. शोकांतिका होती आणि तिला पाच अंक होते. महाशृंग हा काळविटांचा राजा. दुष्काळ पडतो तेव्हा तो कळपाला दूरच्या तळ्याकडे घेऊन निघतो. एक म्हातारी चिमणी सांगते, महाराज, तळं आटलंय. तो तिला हद्दपार करतो. चौथ्या अंकात वाटेवर एक पाडस मरतं. पाचव्या अंकात तळ्यावर पोचतात, तिथे नुसती भेगाळलेली माती असते. राजा एकटा उरतो. पडदा पडतो.

“महाशृंग दुष्ट नव्हता, मुलांनो,” बाई दर वर्षी सांगत. “आधीच्या दुष्काळात त्यानेच ते तळं शोधलं होतं. तो एकदा बरोबर ठरला होता. घात झाला तो तिथेच.”

चौथा अंक वाचताना बाई दर वर्षी डोळे पुसायच्या. हे नाटक नव्हतं. त्यांना खरोखरच रडू यायचं.

पण नुसतं रडून मुलं शिकत नाहीत, हे बाई जाणून होत्या. म्हणून त्यांनी वाचन-नोंदवही काढली. पळसाची वाळवलेली पानं एकत्र शिवायची आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखायचे. काय घडलं? मला काय वाटलं? माझ्या मनात कोणता प्रश्न आला? आणि चौथा, बाईंचा सगळ्यात लाडका: त्या जागी मी असतो तर काय केलं असतं?

हुशा खोकड हा वर्गातला पहिला नंबर. त्याची नोंदवही पाहून डोळे निवायचे. दुसऱ्या रकान्यात तो लिहायचा, “माझे अंतःकरण विदीर्ण झाले.” चौथ्यात लिहायचा, “मी राजाला नम्रपणे, परंतु ठामपणे अडवले असते.” हे वाक्य मुळात बाईंच्याच आदर्श उत्तरातलं होतं. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं होतं. कावळ्याने, सशाने, अगदी कासवानेही राजाला नम्रपणे, परंतु ठामपणे अडवलं होतं.

फक्त तांबीची नोंदवही कोरी होती.

तांबी ही रानगव्याची मुलगी. अंगाने दांडगी, बोलायला कमी, आणि लेखणी हातात धरली की मोडायची. बाईंच्या पाठीवरचे अकरा काटे तिने आजवर मोडले होते. चौथा अंक झाला त्या दिवशी तिने तेवढं एकच वाक्य लिहिलं, तेही चारही रकान्यांतून आडवं.

“त्या पाडसाचं नाव काय होतं?”

“नाटकात नाव दिलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

“पण त्याच्या आईने ठेवलं असेल ना, बाई?”

बाईंनी शेरा मारला, ‘प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.’ तांबीला घरी दोन महिन्यांचा भाऊ होता. त्याचं नाव गोंड्या. त्याचे पाय अजून चालताना एकमेकांत अडकायचे. हे बाईंना माहीत होतं. पण रकाने आधी ठरलेले होते, त्याला कोण काय करणार?

मग ओढा आटला.

जंगलाचे प्रमुख होते दादासाहेब दंते. हत्ती. शाळेचे अध्यक्षही तेच. त्यांनी सभा बोलावली. मागच्या दुष्काळात दादासाहेबांनी सगळ्यांना तीन दिवस चालवत धवलडोहावर नेलं होतं आणि जंगल वाचलं होतं. त्या गोष्टीला पंधरा वर्षं झाली होती. दर वर्षी तो दिवस साजरा व्हायचा आणि दादासाहेब दर वर्षी तेच भाषण करायचे.

“उद्या पहाटे धवलडोहाकडे निघायचं,” दादासाहेब म्हणाले. “सगळ्यांनी.”

आकाशातून टिटवी खाली उतरली. “दादासाहेब, डोह कोरडा आहे.”

“तुला काय माहीत?”

“डोहाच्या मधोमध मी अंडी घातली आहेत.”

“तुझं बाळंतपण हा सभेचा विषय नाही,” दादासाहेब म्हणाले. सभा हसली. टिटवीला सभेतून काढण्यात आलं, आणि तसा ठराव एकमताने झाला.

काटेबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या काट्यांवर काटा आला. अरे, हा तर दुसरा अंक, त्यांच्या मनात आलं. जसाच्या तसा. बावीस वर्षं त्या ज्या जागी थांबून मुलांना विचारत होत्या, तीच ही जागा. दादासाहेब चार पावलांवर उभे होते. बाईंनी तोंड उघडलं.

“बाई, काही म्हणायचंय का?” दादासाहेबांनी विचारलं.

बाईंना शाळा आठवली. शाळेची मान्यता आठवली. मान्यतेच्या कागदावर कोणाच्या सोंडेचा ठसा होता, तेही आठवलं.

“नाही, दादासाहेब,” त्या म्हणाल्या. “भाषण फार छान झालं.”

रात्रभर त्यांना झोप लागली नाही. मात्र पहाटे मार्ग सापडला, आणि तो इतका चांगला होता की आधी कसा सुचला नाही याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांनी वर्ग जमवला.

“मुलांनो, आपण मोठे भाग्यवान आहोत. नाटक प्रत्यक्ष घडताना पाहायची संधी कोणत्याही तुकडीला मिळाली नव्हती. प्रवासात प्रत्येकाने नोंदवही भरायची. याचे गुण वार्षिक परीक्षेत धरले जातील.”

“बाई,” तांबीने विचारलं, “डोहात खरंच पाणी नाही?”

“नसावं, असं दिसतं.”

“मग?”

“मग काय? तसं लिहायचं.”

जंगल निघालं. पुढे दादासाहेब, मागे त्यांच्या घरच्या हत्तिणी, मग रानगवे, हरणं, डुकरं, आणि सगळ्यांच्या शेवटी शाळा. पहिल्या दिवशी मुलांनी तिसरा अंक भरला. हुशाने उन्हाचं इतकं सुंदर वर्णन केलं की वाचून बाईंना आणखी तहान लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोंड्या बसला. उठवला, तर चार पावलं टाकून पुन्हा बसला. त्याची आई त्याला नाकाने ढकलत होती. हे पाहून बाईंनी डोळे पुसले. पुस्तकात होतं त्याहून हे वाईट होतं.

“चौथा अंक,” त्या हळूच म्हणाल्या. “लिहा, मुलांनो.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पळसाच्या पानांवर लेखण्या कुरकुरू लागल्या. तांबीने आपली लेखणी खाली ठेवली. ही मात्र मोडली नाही. मग ती कळपाच्या कडेने पळत सुटली.

पुढे एक अरुंद खिंड होती. खाली सुकलेल्या नाल्याची वाळू आणि दोन्ही बाजूंना कातळ. एका वेळी एकच हत्ती जाईल एवढीच वाट. तांबी त्या वाटेत आडवी पडली.

“ऊठ,” दादासाहेब म्हणाले.

“नाही उठणार, आजोबा.”

“का?”

“पुढे पाणी नाही. गोंड्या मरेल.”

दादासाहेबांनी तिला सोंडेने ढकलून पाहिलं. तांबी दांडगी होती, हे मी आधी सांगितलंच आहे. पायाखाली तुडवावी, तर मागे सगळं जंगल बघत होतं, आणि दादासाहेब दुष्ट नव्हते. ते नुसते चिडले. “बघतो किती वेळ पडतेस ती,” असं म्हणून तेही बसले.

ती दुपारभर पडून राहिली. संध्याकाळीही पडून राहिली. तिच्या नम्रपणाबद्दल मला काही सांगता येत नाही, पण ठामपणा पुष्कळ होता.

आता हत्तिणींना बसून राहायची सवय नसते. त्या कंटाळल्या. कंटाळून त्यांनी पायांनी वाळू उकरायला सुरुवात केली, तुम्ही शाळेत बाकाला खाच पाडता तशी. कंबरभर खड्डा झाल्यावर वाळू ओली लागली. आणखी हातभर उकरल्यावर पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ.

पहिल्यांदा गोंड्याला पाजलं. मग सगळं जंगल प्यालं. दादासाहेबही प्याले, पण “तूर्तास” असं म्हणून प्याले. झरा आटेना, तेव्हा जंगल तिथेच राहिलं. शाळाही तिथेच भरू लागली.

गोष्ट इथे संपली असती तर तुम्हाला आवडलं असतं. मलाही आवडलं असतं.

आठवड्याने दादासाहेबांनी सभा घेतली.

“धवलडोह कोरडा आहे, हे कोणी पाहिलं?”

“मी,” टिटवी लांबून म्हणाली.

“सभेतलं कोणी?”

कोणीच पाहिलं नव्हतं. कोणी तिथे पोचलंच नव्हतं.

“म्हणजे मी चुकलो हे कशावरून? कदाचित डोह भरलेला असेल. पण माझी वाट अडवली गेली, हे सगळ्यांनी पाहिलं. बरोबर?”

बरोबर होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. दादासाहेबांनी मोठ्या मनाने तांबीला हद्दपार केलं नाही. “बाई, शाळेतर्फे काय ते बघा,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणीस आले. करकोचा. एका पायावर उभं राहून त्यांनी प्रवासाच्या सगळ्या नोंदवह्या चाळल्या.

“चार अंक उत्कृष्ट,” ते म्हणाले. “पण पाचवा अंक सगळ्यांचा कोरा. असं कसं?”

“पाचवा अंक घडला नाही, साहेब,” बाईंनी सांगितलं.

“का नाही घडला?”

बाईंनी तांबीकडे पाहिलं. वर्गानेही पाहिलं. हुशाने तर कपाळाला आठ्या घातल्या. पाचव्या अंकासाठी त्याने एक वाक्य आठवडाभर जपून ठेवलं होतं, आणि ते आता कुठेच वापरता येणार नव्हतं.

“शोकांतिका आहे ना? मग शेवट हवा,” तपासणीस म्हणाले. “एका मुलीमुळे सगळ्या तुकडीचे वीस गुण गेले.”

ते गेल्यावर बाईंनी तांबीला पुढे बोलावलं.

“तुझी नोंदवही कुठे आहे?”

“भरली नाही, बाई.”

“का?”

“वेळ नाही मिळाला.”

“बाकीच्यांना मिळाला.”

“ते बसले होते, बाई.”

बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी लेखणी उचलली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘विद्यार्थिनीला शोकांतिका समजलेली नाही. पुन्हा त्याच वर्गात बसवावे.’

बाहेर झऱ्यात गोंड्या पाय आपटत होता. पाणी उडत होतं, तो ओरडत होता, आणि वर्गात काही ऐकू येत नव्हतं. बाईंनी हुशाला सांगितलं, “जा रे, त्या पोराला जरा लांब हाकल. इथे अभ्यास चालू आहे.”

तात्पर्य : मोठ्यांची चूक वेळेवर थांबवू नये. थांबवली, तर ती चूक होती हे कधीच सिद्ध होत नाही आणि गुन्हा मात्र आपला सिद्ध होतो. तिला पूर्ण होऊ द्यावं. मग तिच्यावर फार चांगलं नाटक लिहिता येतं, ते बावीस वर्षं शिकवता येतं, आणि चौथ्या अंकाला मनापासून रडताही येतं.