कूपनाची पाठ

मल्लूआण्णा कुठलीही गोष्ट आधी उलटी करून बघत. लग्नपत्रिका हातात आली की पुढचा गणपती बाजूला ठेवून ती कुठल्या छापखान्यात छापली ते वाचत. चहाची बशी, औषधाची पट्टी, एस.टी.चं तिकीट, अभिषेकाची पावती, सगळ्यांची आधी पाठ. "मास्तर," ते मला सांगत, "पुढच्या बाजूला दुकानदार गोड बोलतोय. खरं बोलायचं असलं की पाठीमागं बारीक अक्षरात बोलतोय."

त्यांच्या लेकीला, शैलाला पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाचा फोटो त्यांनी असाच पालथा केला. मागं स्टुडिओचा शिक्का आणि तारीख होती. आण्णा मध्यस्थाला म्हणाले, "पोरगा झक्कास हाय. पण ह्यो सात वर्सांपूर्वीचा हाय. आताचा कुठं हाय?"

आण्णांचा धंदाच पाठीचा. पापाच्या तिकटीजवळ एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीला लागून त्यांचं टेबल होतं आणि टेबलावर भांड्यांवर नावं घालायचं मशीन. तांब्या मांडीवर पालथा घ्यायचा, मशीन टर्रर्र करायचं आणि ठिपक्याठिपक्यांतून 'सप्रेम भेट' उमटायचं. निम्मं कोल्हापूर आण्णा चेहऱ्यानं नव्हे, भांड्यांच्या बुडावरून ओळखत. बिननावाचं भांडं त्यांच्या हातून कधी गेलं नाही. नाव घातलेलं भांडं दुसऱ्याच्या लग्नात खपवता येत नाही, त्यामुळं आलेला आहेर पुढं ढकलणाऱ्या समस्त संसारी माणसांचे ते शत्रू होते.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणारा असाच एक संसारी माणूस. शाळेत चित्रकला शिकवायचो. आमच्या कपाटात आहेराचा एक कप्पा होता. त्यात शर्टपीस, भिंतीवरची घड्याळं वगैरे मंडळी मुक्कामाला येत आणि पुढच्या लग्नाला निघून जात. एक लेमनसेट तर आमच्याकडं तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आम्ही त्याला घरच्यासारखा ओळखला.

पाठ बघायच्या ह्या खोडीची आण्णांनी एकदा मोठी किंमत मोजली होती, ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांची एकुलती धाकटी बहीण गौरव्वा चंदगडकडच्या एका गावात दिलेली. तिच्या मुलीच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या चुलत्यानं भली मोठी परात आहेर केली. आण्णांनी भर मांडवात ती पालथी केली आणि बुडावरचं नाव मोठ्यानं वाचलं. नाव भलत्याच जोडप्याचं होतं. "आणि घातलेलं मीच की," असं वर सांगितलं. चुलत्यासकट निम्मं वऱ्हाड न जेवता उठलं. गौरव्वानं चारचौघांत भावाला सांगितलं, "आण्णा, आजपासनं माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय."

त्याला अकरा वर्षं झाली होती. शैलाचं लग्न ठरलं तेव्हा आण्णांनी चंदगडला पहिली पत्रिका धाडली. तिकडून कोणी आलं नाही.

ह्याच लग्नात मी माझा पराक्रम केला. बायको म्हणाली, पाकिटात एकशे एक घाला. मी शहाणा. कप्प्यात हात घातला तर शहरातल्या एका मोठ्या साडीच्या दुकानाचं पाचशे रुपयांचं गिफ्ट कूपन हाताला लागलं. आमच्या मुलीच्या बारशाला मामीनं दिलेलं. वर सोनेरी मोर. खालच्या कोपऱ्यात टाचणीनं टोचल्यासारखी दहा-पंधरा भोकं होती, ती मला स्टेपलरची वाटली. मी चित्रकला शिकवायचो हे पुन्हा नोंदवून ठेवतो. मागची बाजू बघितली नाही. जगातला एकच माणूस हमखास पाठ बघतो आणि मी नेमकं त्याच्याच घरी ते पाकीट दिलं.

तिसऱ्या दिवशी आण्णा जिना उतरून आमच्याकडं आले. दोन बोटांत कूपन.

"मास्तर, पाठीमागं काय लिवलंय?"

मी वाचलं. मुंगीएवढ्या अक्षरात होतं: सहा महिन्यांच्या आत वापरावे, नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही. मुदत संपून वर्ष उलटलं होतं.

"आण्णा, चुकलं. मी रोख देतो."

"रोख ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. ह्ये तुला दिलं कुणी?"

मामीचं नाव सांगताना मी मान वर केली नाही. मला वाटलं, आता गल्लीभर माझा उद्धार होणार. पण आण्णा कूपनावरून अंगठा फिरवत उभे राहिले आणि मग म्हणाले, "चल. दुकानात जाऊ."

दुकानाचा मालक नम्र होता. "काका, मुदत संपली. मागं छापलंय बघा."

मागं छापलंय, हे आण्णांना सांगणारा तो पहिलाच माणूस. त्यांनी कूपन काउंटरवर आपटलं. मग म्हणाले, "पावणं, गिऱ्हाइकानं नोटा दिल्या तवा त्येच्या पाठीमागं मुदत लिवली हुती का? पैसं तुमच्या गल्ल्यात ताजं आणि कूपन तेवढं शिळं व्हय?"

"नियम आहे, काका."

"तुमचा हाय. कायद्याचा दाखवा."

कायद्याचा मालकाला दाखवता येईना, म्हणून आण्णांनी ग्राहक मंचात तक्रार केली. फुलस्केप कागदावर, स्वतःच्या हातानं. त्या आठवड्यात मशीन बंद होतं. तक्रार लिहिताना त्यांच्यावर बाका प्रसंग आला. आयुष्यभर लोकांना पाठ वाचत नाहीत म्हणून शिव्या घातल्या आणि आता लिहायचं होतं की साध्या गिऱ्हाइकाकडून पाठ वाचायची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. दोनदा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"लिवू का, मास्तर?"

"खरंच आहे की. कोण वाचतंय मागचं?"

"कोण न्हाय वाचत ना?" त्यांनी इतक्या आशेनं विचारलं, की मला नवल वाटलं.

मंचात पहिल्याच तारखेला दुकानाच्या वकिलानं मुद्दा काढला. ह्या गृहस्थांनी कूपन विकत घेतलेलंच नाही, तर हे ग्राहक कसे? अध्यक्ष म्हणाले, ज्यानं घेतलं त्याच्या संमतीनं वापरणाराही ग्राहकच. पण कूपन कुणाच्या हातून कुणाच्या हातात आलं ते लेखी आणा, आणि पुढच्या तारखेला मूळ कूपन हजर करा. तोवर आम्ही झेरॉक्सच दिली होती.

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आहेर फिरवल्याचं आता सरकारदरबारी लागणार. मी माझा जबाब मुकाट्यानं लिहून दिला आणि आम्ही गडमुडशिंगीला मामीकडं गेलो.

मामी म्हशीची धार काढत होती. आधी म्हणाली, "मी दुकानातनं कोरं आणलतं." आण्णांनी कूपन तिच्यापुढं पालथं धरलं. धारेची भांडी धुताधुता मामीनं कबूल केलं, "सूनबाईच्या लग्नात आलतं ते. तिच्या माहेरच्या शेजारणीनं दिलतं. चंदगडच्या बाजूची गौराक्का म्हणून हाय."

मी आण्णांकडं बघितलं. "आण्णा, गौराक्का म्हणजे..."

"व्हय. तीच," ते म्हणाले आणि मामीनं अंगठा उठवलेला कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांना जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

ते का, हे चंदगडच्या एस.टी.त कळलं. आजरा मागं पडल्यावर आण्णांनी कूपन काढून माझ्या हातात दिलं.

"ह्ये मीच घेतलतं, मास्तर."

मी कूपन उलटंसुलटं केलं.

"गौरीच्या पोराचं लगीन हुतं. मला बोलावणं न्हवतं. बँडवाला वळखीचा, त्येच्या हातनं पाकीट धाडलं. भांडं धाडलं असतं तर नाव घालाय लागलं असतं. नाव बघून तिनं परत धाडलं असतं. म्हणून ह्ये घेतलं. ह्येच्यावर नावाला जागाच न्हाय."

अख्ख्या कोल्हापूरला नावं घालणाऱ्या माणसानं स्वतःची भेट मात्र बिननावाची दिली होती.

"पण हात गप बसंना," ते म्हणाले. "उजेडात धर."

मी कूपन खिडकीच्या उजेडात धरलं. स्टेपलरची भोकं एकाएकी जुळली. दोन वाकडी शिंगं, एक दाढी. शेळी होती.

"ल्हानपणी दिसंल ते चावायची. खडू, माती, माझी पाटीवरची पेन्सिल. मी तिला शेळी म्हणायचो. तिच्या ताटाच्या बुडाला खिळ्यानं शेळी काढून ठेवलीती. तवापासनंच ह्यो नाद." ते बाहेर बघायला लागले. "तिनं पाठ बघून पुढं ढकललं असंल, तर मग संपलं. न बघता दिलं असंल तर... तेवढंच इचारायचं हाय."

"पण मंचात सांगायचं ना, की मीच घेतलंय. तिथंच केस सुटली असती."

"सुटली असती की. मग तिच्याकडं जायाला कारण काय ऱ्हायलं असतं?"

गावाच्या थांब्यावर उतरल्यावर आण्णा तिथल्या कट्ट्यावर बसले. "मला दारात पाय ठेवायचा न्हाय. तू जा. सही मागनं घे. आधी पाठीचं इचार."

गौरव्वा घराच्या पुढच्या सोप्यात सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. नाकीडोळी हुबेहूब आण्णा. "कोण पावणं?" मी कोल्हापूरहून आलो म्हटल्यावर सूप थांबलं. मी भावाचं नाव घेतलं नाही, फक्त कूपनाचं सांगितलं.

"दिलं की मी," त्या फणकारल्या. "बिननावाचं पाकीट ठेवून काय करू? उद्या परतफेड कुणाच्या दारात करायची? ज्येचं नाव न्हाय त्ये घरात ठेवत न्हाय मी."

"देताना मागची बाजू बघितली होती का?"

"पाठीमागं बघायची खोड आमच्यात एकालाच हाय," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. "तुमास्नी कुणी धाडलं?"

मी कूपन पुढं केलं. त्यांनी ते पालथं केलं, अंगठा फिरवला, मग उठून उंबऱ्यापाशी जाऊन उजेडात धरलं.  पाठमोऱ्याच, स्वतःशी म्हणाल्या, "शिंगं अजून वाकडीच काढतोय."

कूपन त्यांनी पदराच्या टोकात बांधलं आणि गाठ आवळली.

"अहो, ते मूळ कूपन आहे. मंचात दाखवायचंय," मी म्हणालो.

"काय?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी शाळेत इतकी वर्षं मुलांना गप्प बसवत आलो, पण असं एका शब्दात कधी जमलं नाही.

"कुठं बसलाय त्यो?"

"थांब्यावर."

"सकाळपासनं जेवलाय का?"

"नाही."

त्या आत गेल्या आणि तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. मग आतूनच ओरडल्या, "त्येला म्हणावं, दारात पाय ठेवायचा न्हाय म्हटलंय त्ये म्हटलंय. परड्यातल्या मागच्या दारानं यायला काय झालं त्येला? मागचं सगळं बघतोय, एवढं दार दिसलं न्हाय व्हय अकरा वर्सं?"

निरोप ऐकून आण्णा उठले. टोपी झटकली, परत घातली, परत काढली. मग भराभरा चालायला लागले ते मला विसरूनच. मी मागनं धावलो. सही घ्यायची राहिली, हे मला परतीच्या गाडीत आठवलं. आण्णांना तेव्हाही आठवलं नव्हतं.

पुढच्या तारखेला अध्यक्षांनी विचारलं, "मूळ कूपन?"

"न्हाय, साहेब."

"हरवलं?"

"वापरलं."

दुकानाचा वकील ताडकन उठला. "आमच्या दुकानात हे कूपन कधीच आलेलं नाही."

"तुमच्यात न्हाय," आण्णा म्हणाले, आणि तक्रार मागं घेतल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. कागद पालथा न करता.