तोंडाचे पक्के तिघे

लग्नाहून आल्याआल्या लीलाबाईंनी पिशवी पलंगावर उलटी केली, झटकली, पुन्हा उलटी केली. गळ्यातली सोन्याची पोत नव्हती. आणि ती पोत त्यांची नव्हतीच हो! देवळीच्या नणंदेने, प्रमिलाबाईंनी, लग्नात मिरवायला दिलेली.

"गावात इचारू ना," नवरा रूपराव म्हणाला. "कोणाले तं सापडली असन."

"आन देवळीले खबर लागली मंग? कोणतं तोंड दाखवू मी?"

मुलगी अंकिता वर्ध्याला संख्याशास्त्र शिकत होती. एकाकडून दुसऱ्याकडे बातमी कशी पसरते, त्याच्या शक्यता मांडणं हाच तिचा प्रकल्प. तिने कागदावर टिंबं काढली, रेघा ओढल्या.

"आई, तिघांलेच सांग. तोंडाचे पक्के पाहून. देवळीले खबर जायची शक्यता हजारात एक."

"म्हंजे नाईच ना?"

"नाईच समज."

गावातलेच तानबा, कैलास आणि शेजारचे सदाशिवराव यांना शपथ घालून सांगितलं. तिघांनीही शब्द पाळला, बरं का! कोणालाच सांगितलं नाही, फक्त घरी सांगितलं. घरच्या माणसाला सांगणं म्हणजे सांगणं नव्हेच, हा अल्लीपूरचा कायदा. आणि घरचा नाही असा माणूस अल्लीपुरात शोधून दाखवावा! दुपारपर्यंत बाया धीर द्यायला आल्या. तोवर बातमीत एक चोर शिरला होता, मोटारसायकलवर बसला होता, त्याला लाल शर्टही मिळाला होता.

संध्याकाळी फोन वाजला. प्रमिलाबाई! लीलाबाई फोन घेतल्याघेतल्या रडायला लागल्या.

"वयनी, पोत हारपली म्हने? अवो, माझ्या पिशवीत हाय! लग्नवाल्यायनं सगळ्यायले एकसारख्याच पिशव्या वाटल्या, तुमी माझीत टाकली. म्या तं उघडलीच नोती. बसस्टँडवर ऐकलं तवा पाह्यलं. रडून काऊन राह्यल्या? आन साऱ्या जगाले सांगता, मलेच नाई?"

लीलाबाईंनी फोनलाच हात जोडले. "देवा, या गावाच्या पोटात काईच राहत नाई, लय उपकार झाले! नाई तं पोत तिथंच पडून राह्यली असती." अंकिताने कागद हळूच दप्तरात सरकवला.

सापडल्याची बातमी मात्र घराबाहेर पडेना. तिच्यात सांगण्यासारखं होतं तरी काय? दुसऱ्या दिवशी म्हातारे पुंडलिकराव काठी टेकत धीर द्यायला आले.

"सापडन, लीलाबाई. घोर करू नोको."

अंकिता खरं सांगायला तोंड उघडणार, तोच आईने डोळे वटारले.

"तुमच्या तोंडात साखर पडो, भाऊजी," लीलाबाई डोळ्याला पदर लावत म्हणाल्या आणि चहा ठेवला. पुंडलिकरावांनी चोराचं वर्णन सुरू केलं. लीलाबाईंनी ते शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.