घड्याळ पुढे आहे

रामनवमीच्या सकाळी नंदकिशोर एकटेच सोसायटीच्या हॉलमध्ये स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा त्यांनी पंधरा मिनिटं मागे घेतला.

ते पुढे ठेवलं होतं तेही त्यांनीच, सेक्रेटरी झाल्या वर्षी. मुलुंडच्या या सोसायटीत कुठलाच कार्यक्रम वेळेवर सुरू होत नसे, त्यावर हा उपाय. पण आठवड्याभरात लहानथोरांना ते कळलं, आणि सगळे मनातल्या मनात पाव तास वजा करून पूर्वीइतकेच उशिरा येऊ लागले. आज मात्र जन्माचं कीर्तन. रामराया बाराच्या ठोक्याला यायचा. त्याला खोटी वेळ दाखवायची नंदकिशोरांना लाज वाटली.

कीर्तनाला उभी राहणार होती तिसऱ्या मजल्यावरची गंधाली. अंधेरीचं ऑफिस सांभाळून कीर्तन शिकलेली, गादीवर पहिल्यांदाच. अध्यक्ष श्यामकांतांना नेहमीचे बुवाच हवे होते. "गळा गोड आहे पोरीचा, पण जन्माची वेळ साधायला मुरलेला माणूस लागतो. वेळ चुकली तर पुढच्या वर्षी आपले बुवा," त्यांनी बजावलं होतं. "नाही चुकणार," असा शब्द नंदकिशोरांनी दिला होता.

कीर्तनात 'हॅलो' नको म्हणून सगळ्यांचे फोन दाराशी टोपलीत. हॉलभर माणसं आणि घड्याळ एकच. पूर्वरंग तर असा रंगला की तबलजी ठेका धरून स्वतःच डोलू लागला. उत्तररंगात अयोध्या सजली, कौसल्यामाईला कळा सुरू झाल्या. बाराला पाच कमी. नंदकिशोरांनी पाळण्याची दोरी हातात घेतली.

गंधालीने घड्याळाकडे पाहिलं, निवांत पाव तास वजा केला आणि सुईणीच्या घरची गोष्ट सुरू केली.

नंदकिशोरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. ती गोड हसली, मान हलवली आणि सुईणीला सासू आणली. चालू कीर्तनात गादीवरच्या माणसाला टोकू नये, हे तर ते आईच्या मांडीवर शिकलेले. ते खाकरले. मागून प्रेमाकाकूंनी खडीसाखर पुढे केली.

"बसा ना जरा शांत," त्यांची बायको कुंदा कुजबुजली. "घड्याळ पुढे आहे."

"नाहीये गं. सकाळी बरोबर केलंय मी."

"कुणाला सांगितलंत?"

"बरोबर वेळ काय सांगायची असते?"

"तीच सांगायची असते. चुकीची सगळ्यांना ठाऊकच होती."

बारा वाजले. सुईण अजून चुलीपाशीच होती. बारा पाच झाले, बारा दहा झाले. हॉल आनंदात डुलत होता. नंदकिशोरांना तेवढ्या कळा येत होत्या. घड्याळात सव्वाबारा झाले आणि गंधालीने झांज उंचावली. रामचंद्राच्या नावाचा असा गजर उठला, फुलांचा आणि गुलालाचा असा पाऊस पडला की दोरी ओढता ओढता नंदकिशोर रडू लागले. लोकांना ती भक्ती वाटली. निम्मी होतीही.

श्यामकांत सुंठवडा चाखत पुढे आले. "मानलं पोरी. अगदी ठोक्याला."

गंधाली नमस्काराला वाकली. नंदकिशोरांना गप्प बसता आलं असतं. पण पाळण्यातून राम बघत होता.

"श्याम, घड्याळ आज बरोबर होतं रे. मी सांगायला विसरलो. जन्म पाव तास उशिरा झाला. चूक माझी आहे, पोरीची नाही."

गंधालीचा चेहरा उतरला. श्यामकांतांनी आवाज खाली आणला.

"उशिरा कसला? सूर्य डोक्यावर येतो तो मध्यान्ह. आपल्या मुंबईत तो साडेबारा उलटल्यावर येतो. पंचांगात छापलेलं असतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"अरे, लोकांना बारालाच भूक लागते."

"म्हणजे काका, माझं लवकरच झालं?" गंधालीने हळूच विचारलं.

"लवकरच. पण आमच्या बुवांपेक्षा तू पाव तास जवळ पोचलीस." श्यामकांतांनी तिच्या हातावर सुंठवडा ठेवला. "पुढच्या वर्षी अजून थोडं ताण. सुईणीला नणंदही आण."

"मग पत्रिकेत खरी वेळ छापू या का?" नंदकिशोरांनी डोळे पुसत विचारलं.

"वेडा आहेस का? बाराच छाप. नाहीतर लोक एकला येतील."