अर्धा शिक्का मंगळवारचा

ओबरविंझिंगन या गावात लहान आवाजाचा वार मंगळवार आहे आणि मोठ्या आवाजाचा गुरुवार. हे बायबलात लिहिलेलं नाही. पण गावच्या नेमबाज मंडळाच्या नियमावलीत चौथ्या कलमात लिहिलेलं आहे, आणि गावात दोन्ही ग्रंथांचा मान साधारण सारखाच आहे. बेचाळीस वर्षांपूर्वी प्फ्लायडरर नावाच्या गृहस्थांनी चांदमारीच्या भिंतीला लागून घर बांधलं, राहायला आल्यावर शेजारी बंदुका वाजतात असा शोध लावला आणि ते कोर्टात गेले. तडजोड झाली: मंगळवारी फक्त लहान काडतुसं, गुरुवारी मोठी, रविवारी देव आणि शांतता. पुढे प्फ्लायडरर वारले. घर विकलं गेलं. आता तिथे राहणाऱ्या जोडप्याला दारावरची घंटासुद्धा ऐकू येत नाही. चौथं कलम मात्र ठणठणीत आहे.

मिर्याम आइझेले गुरुवारची होती. सात वर्षं ती मोठं पिस्तूल चालवत होती आणि मागच्या मोसमात जिल्ह्यात दुसरी आली होती. मग फेब्रुवारीत लोटे झाली. तेव्हापासून मिर्यामचा दिवस लोटेचा श्वास मोजण्यात, चमचे तीनतीनदा उकळण्यात आणि विजेच्या प्रत्येक खाचेला झाकण बसलंय ना हे पाहण्यात जायचा. रात्री ती झोपायची, पण एक कान जागा ठेवून. आठवड्यात एक तास तरी असा असावा की जेव्हा समोर फक्त एक काळा ठिपका असेल आणि तो ठिपका रडणार नाही, एवढंच तिचं मागणं होतं.

मागणं साधं असलं तरी त्याला मुदत होती. मंडळाच्या वहीत वर्षाला बारा शिक्के पडले नाहीत, तर खेळाची गरज उरली नाही असं धरलं जातं आणि पिस्तूल जमा करावं लागतं. ऑगस्ट संपला तेव्हा मिर्यामच्या वहीत शून्य शिक्के होते.

त्यात जुलैअखेरच तिचं मनगट गेलं होतं. दिवसभर लोटेला कडेवर घेऊन अंगठ्याच्या मुळाशी शीर सुजली. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला आणि सांगितलं, मूल उचला किंवा मोठं पिस्तूल, दोन्ही जमणार नाही. कोणतं खाली ठेवायचं हे सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

अशा माणसांसाठी रूपांतर-संच नावाची एक सोय असते. पिस्तुलाचा वरचा अर्धा भाग, म्हणजे सरकणारं टोपण आणि नळी, काढून ठेवायचा आणि त्या जागी लहान काडतुसाचा वरचा भाग बसवायचा. मूठ तीच, चाप तोच, हाताची सवयही तीच. धक्का मात्र मांजर शिंकल्याएवढा. मोठ्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टोला बसतो आणि लहानाला कडेवर. सगळा फरक एवढाच.

मिर्यामने संच घेतला. सरकारी कचेरीकडून त्याला परवानगी लागत नव्हती. फक्त लागत नाही हे दोन आठवड्यांत लेखी कळवावं लागत होतं. अर्जात कारणाचा रकाना होता. तिने लिहिलं, "मनगट". अर्ज परत आला: कारण पूर्ण वाक्यात द्यावे. तिने लिहिलं, "मला मनगट आहे." अर्ज मंजूर झाला.

आता सगळं जुळून आलं होतं. लहान काडतुसाचा वार मंगळवार, आणि सासूबाई लोटेला सांभाळू शकत होत्या तोही मंगळवारच, कारण गुरुवारी त्यांचं चर्चमध्ये गाणं असे. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी मिर्याम दुधाच्या वेळा, तापाचं औषध आणि अकरा फोन नंबर असा कागद सासूबाईंच्या हातात देऊन निघाली.

मंगळवारचे देखरेखीचे अधिकारी गोटलोप क्नोडलर हे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी तिच्या पेटीतलं पिस्तूल पाहिलं, मूठ पाहिली, खिशातली पोलादी पट्टी काढून मूठ मोजली आणि पेटी बंद केली.

"पोरी, हे गुरुवारचं आहे."

मिर्यामने समजावलं की वरचा भाग बदललाय, गोळी लहान आहे, आवाजही लहान आहे. क्नोडलरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गाईच्या पाठीवर चिमणी बसली म्हणून गाय उडत नाही," ते म्हणाले. "गुरुवारी ये."

गुरुवारी सासूबाईंनी गाण्याला दांडी मारली, पण हे वारंवार होणार नाही असं दोनदा बजावलं. गुरुवारच्या अधिकारी इर्मट्राउट बोफिंगर या चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई. त्यांनी नळीकडे पाहिलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या की हे भोक मंगळवारचं आहे. गुरुवारच्या निशाण्यावर एवढंसं छिद्र पडलं तर गुण मोजायचं माप त्यात शिरणार नाही, आणि ज्याचं मोजमाप होत नाही ते त्यांच्या वर्गात कधीच झालेलं नाही.

"अहो, पण मंगळवारी म्हणतात गुरुवारी जा."

"मग त्यांना विचार, गाय दूध देते की चिवचिवते."

गाईचं नाव मिर्यामने काढलंच नव्हतं. म्हणजे या दोघांचं आधीच बोलणं झालं होतं.

प्रकरण कार्यकारिणीकडे गेलं. अध्यक्ष वेंडेलिन झाउटर हे दंतवैद्य असल्याने समोरच्याचं तोंड उघडं असताना बोलायची त्यांना सवय होती. बैठक तीन तास चालली. पिस्तुलाचा वार त्याच्या खालच्या भागावरून ठरतो की वरच्या, यावर क्नोडलर म्हणाले की घराचा नंबर पायाला असतो, छपराला नव्हे. बोफिंगरबाई म्हणाल्या की गळतं ते छप्पर. मिर्याम दाराजवळच्या खुर्चीत फोन मांडीवर पालथा ठेवून बसली होती आणि तो दर चार मिनिटांनी उलटा करून पाहत होती. शेवटी झाउटरांनी सर्वानुमते ठराव वाचून दाखवला. वरचा भाग मंगळवारचा, खालचा भाग गुरुवारचा. प्रत्येक भागाने आपापल्या वारी उपस्थित राहावे. उपस्थिती अर्धी धरली जाईल.

"मग गोळी कधी झाडायची?" मिर्यामने विचारलं.

झाउटरांनी समोरचा कागद उलटून पाहिला. "तो विषय आजच्या पत्रिकेवर नाही."

दुसऱ्या मंगळवारी ती नुसता वरचा भाग पेटीत घालून गेली. क्नोडलर उठून उभे राहिले. असं निखळ मंगळवारचं काही बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही, असं म्हणून त्यांनी तो हिरव्या कापडावर ठेवायला सांगितला आणि तिला खुर्ची दिली. तासाभराने वही मागवली गेली. अर्धा शिक्का कसा मारायचा हा प्रश्न होता, पण मोजणी खात्यातला माणूस अशा प्रश्नाने डगमगत नाही. त्यांनी पानावर पोस्टकार्ड आडवं धरलं आणि शिक्का असा मारला की मंडळाच्या चिन्हातल्या देवदार वृक्षाचा वरचा अर्धा भाग वहीवर उमटला आणि खालचा पोस्टकार्डावर. गुरुवारी बोफिंगरबाईंनी त्याच झाडाला बुंधा दिला. असा एक शिक्का पुरा झाला. बारा हवेत म्हणजे चोवीस फेऱ्या, हा हिशेब मिर्यामने घरी जाताना बोटांवर केला आणि तिला पुन्हा मनगट दुखल्यासारखं वाटलं.

सासूबाईंनी गाणं सोडायला साफ नकार दिला. देवाला दोन सूर कमी पडतील, म्हणाल्या, आणि तुझ्या पिस्तुलाचा तर एकही सूर निघत नाही. मग गुरुवारी लोटेला न्यायची का? मिर्याम दोन रात्री जागली. बंदुकांच्या जागी तान्हं मूल नेणारी आई कसली? तिसऱ्या रात्री तिच्या ध्यानात आलं की गुरुवारी तिथे तिच्याजवळ नुसती मूठ असते. बाकीच्यांची पिस्तुलं भिंतीपलीकडे वाजतात, पण अलीकडच्या खोलीत वाफाळती कॉफी सोडली तर धोकादायक काही नाही. तिने लोटेच्या कानांवर मऊ टोपी घट्ट बसवली आणि नेली.

लोटे तिथे कमालीची खूश झाली. बोफिंगरबाईंनी तिला एक ते पाच आकडे शिकवायला घेतले.

आणि मग इतरांच्या लक्षात एक गोष्ट येऊ लागली. मिर्यामला पिस्तूल पुसावं लागत नव्हतं. तिचे कान वाजत नव्हते. तिची गोळी खर्च होत नव्हती. आणि त्या काटकसरी मुलुखात न झाडलेल्या गोळीइतकी सुंदर गोळी दुसरी नाही असं मानतात. ऑक्टोबरच्या शेवटी दोघांनी संच मागवले, नोव्हेंबरात आठ जणांनी. मंगळवारी हिरव्या कापडावर अकरा वरचे भाग ओळीने मांडलेले असायचे, शेजारी बटाट्याची कोशिंबीर. गुरुवारी अकरा मुठी आणि लोटे. भिंतीपलीकडचा आवाज एकेक करत थांबला. हजेरी दुपटीने वाढली, कारण प्रत्येकाला दोनदा यावंच लागत होतं.

डिसेंबरच्या मध्यावर कचेरीतले तपासनीस रुकगाबर वह्या पाहायला आले. मिर्यामची वही पहिली होती. बारा शिक्के होते, पण एकही गोळी नव्हती, आणि साहेबांनी गोळीचं विचारलं तर खोटं बोलता येणार नाही हे तिला ठाऊक होतं. लहानपणापासून तिचे कान तिला दगा द्यायचे. खोटं बोलली की लाल व्हायचे. रुकगाबरांनी भिंग काढलं आणि ते सातव्या शिक्क्यावर थांबले.

"या झाडाच्या मधोमध फट आहे. एक मिलिमीटर."

मिर्यामच्या मनात पिस्तूल केव्हाच जमा होऊन गेलं.

क्नोडलर पुढे झाले. "साहेब, पोस्टकार्ड सरकलं."

"पिस्तूल नाही ना सरकलं?"

"त्या दिवशी ते अर्धंच आलं होतं."

"मग सरकणार कुठे," रुकगाबर म्हणाले आणि त्यांनी तशी नोंद केली. पुढची पानं त्यांनी भराभर उलटली. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो कोशिंबिरीत व्हिनेगर कोणतं घालता याबद्दल. गोळी हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. महिन्याअखेर कचेरीचं पत्र आलं: अपघात शून्य, आवाजाच्या तक्रारी शून्य, उपस्थिती दुप्पट, सदर पद्धत इतर मंडळांसही अनुकरणीय. मिर्यामचं पिस्तूल तिच्याकडेच राहिलं. ती दाराशी उभी राहून ते पत्र तीनदा वाचत राहिली आणि आत लोटे पहिल्यांदाच कशाला न धरता उभी राहिली, ते तिचं पाहायचं राहून गेलं.

जानेवारीच्या शेवटी डॉक्टरांनी मनगट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, झालं, उचला काय उचलायचं ते. मिर्याम घरी आली. कपाटातून मुठीचा भाग काढला, जुना मोठा वरचा भाग काढला, आणि सहा महिन्यांनी दोन्ही एकमेकांवर बसवले. खट् असा आवाज झाला. त्या आवाजाने तिला कुठेतरी पोटात बरं वाटलं. पेटीला कुलूप लावून, लोटेला गाडीत घालून ती गुरुवारी निघाली. तिला एकच गोळी झाडायची होती. ती लागो न लागो.

पेटी उघडली तशा सगळ्यांच्या माना वळल्या. चमचेसुद्धा थांबले. बोफिंगरबाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला.

"हे काय आणलंस?"

"पिस्तूल. माझं. मोठं, अख्खं, गुरुवारचं."

"अख्खं?" त्यांनी वळून झाउटरांकडे पाहिलं. झाउटर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी खेदाने मान हलवली. कचेरीच्या पत्रानंतर छापलेल्या नव्या नियमावलीत वरच्या भागाला मंगळवार आहे, खालच्या भागाला गुरुवार आहे, ते समजावू लागले. अख्ख्याला रविवार देता आला असता, पण रविवारी शांतता असते. मिर्याम म्हणाली की हे नेमबाज मंडळ आहे. कुणी तरी हसलं, पण वाईट हेतूने नव्हे. पाहुण्याने जेवणाच्या ताटात हात धुतले की हसतात तसं.

"आणि अगं, जरा विचार कर," बोफिंगरबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर लोटे कोशिंबिरीतला बटाटा हाताने चिवडत होती. "इथे लहान मूल आहे."

मूल मिर्यामचंच होतं. पण वाक्य इतकं बरोबर होतं की तिला त्यात चूक काढता येईना. सहा महिने रोज रात्री तिने स्वतःशी नेमकं हेच वाक्य म्हटलं होतं. तिने वरचा भाग काढून पेटीत ठेवला, मूठ हिरव्या कापडावर इतरांच्या ओळीत सरळ केली आणि खुर्ची ओढून बसली. कुणीतरी तिच्यासमोर बशी सरकवली. तासाभराने वहीवर बुंधा उमटला. या वेळी फट अजिबात नव्हती.

हसलात, ते ठीक. पण तुम्हीही आज कुठे तरी हजर होतातच. सही केलीत, अंगठा टेकवलात, हात वर करून "आहे" म्हणालात, आणि वेळ संपल्यावर घरी आलात. झोपण्याआधी एवढंच आठवून पाहा, की तिथे एक तरी बार झाला का. आणि झाला नसेल, तर शिक्का अर्धा मिळाला की अख्खा?